गरिबाच्या घरचा टेलिफोन



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रकात वाचून काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. अमेरिकेतील गरीब कुटुंबांस टेलिफोनच्या बिलात दरमहा सव्वानऊ डॉलरची सूट मिळते, तिच्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे कोणी मनात म्हटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. रक्कम लहान आहे. वर्षाची बेरीज केली तरी एकशे अकरा डॉलर होते. परंतु या लहानशा रकमेवरून त्या देशात गेली चाळीस वर्षे जो वाद चालला आहे, तो लहान नाही. समाजाने गरिबाला काय द्यावे, कोणाच्या खिशातून द्यावे आणि देताना त्याच्याकडून किती पुरावे मागावेत, हे तिन्ही प्रश्न त्या वादात आहेत. आणि हे प्रश्न आपल्या दारावरूनही जातातच.

तुमच्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांस 'पी.पी.' ही दोन अक्षरे आठवत असतील. लग्नपत्रिकेत किंवा नोकरीच्या अर्जात शेजाऱ्याचा नंबर द्यावयाचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहावयाचे. कोणाचा फोन आला की शेजारच्या घरातून हाक यायची, हातातले काम टाकून धावत जायचे, आणि बोलताना सारे घर आपले बोलणे ऐकत असायचे. मुलीच्या स्थळाची बोलणी असोत की उसनवारीची अजिजी असो, सर्व काही शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात. शेजारी भला असला तरी दुसऱ्याच्या टेलिफोनवर जगणाऱ्याला त्याची किंमत अशी मोजावी लागत असे. अमेरिकेत १९८३ साली, म्हणजे ज्या काळी आपल्याकडे टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे त्या काळी, शंभरापैकी एक्याण्णव घरांत टेलिफोन होता. उरलेल्या आठ-नऊ घरांची स्थिती मात्र आपल्या पी.पी.वाल्यांपेक्षा वाईट होती. सर्वांकडे टेलिफोन नसतो तेव्हा तो नसणे ही गैरसोय असते. सर्वांकडे असतो तेव्हा तो नसणे म्हणजे वाळीत पडणे होय. मालक कामाला बोलावणार तो टेलिफोनवर, शाळा मुलाच्या तापाचे कळवणार ती टेलिफोनवर, आणि दवाखाना वेळ देणार तोही टेलिफोनवर.

टेलिफोन ही वस्तूच मुळी इतरांहून निराळी आहे. शेजाऱ्याने तांदळाचे पोते आणले म्हणून आमचे पोते अधिक रुचकर होत नाही. पण शेजाऱ्याने टेलिफोन घेतला की आमच्या टेलिफोनची उपयुक्तता वाढते, कारण बोलावयास एक घर वाढले. म्हणून गरिबाला टेलिफोन मिळवून देणे ही केवळ दया नव्हे. पहाटे पाच वाजता बदली कामगार हवा असलेल्या कारखानदाराला कामगाराच्या घरच्या टेलिफोनची गरज कामगाराइतकीच असते. हा मुद्दा आम्ही आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भांडणात तोच नेमका विसरला गेला.

आता थोडा इतिहास. बेलला टेलिफोनचा पेटंट-हक्क १८७६ साली मिळाला. मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्ये संपली आणि गावोगाव नव्या कंपन्या उगवल्या. एकाच गावात दोन कंपन्या, आणि एकीचा गिऱ्हाईक दुसरीच्या गिऱ्हाइकाशी बोलू शकत नाही, असा प्रकार झाला. व्यापाऱ्यांना दुकानात दोन-दोन टेलिफोन ठेवावे लागले. १९०७ साली बेल कंपनीचे, म्हणजे ए.टी. अँड टी.चे, अध्यक्षपद थिओडोर व्हेल यांच्याकडे आले, आणि त्यांनी 'सार्वत्रिक सेवा' हा शब्द प्रचारात आणला. हा शब्द ऐकून व्हेल गरिबांचे कैवारी होते असे कोणी समजू नये. सर्व तारा एकमेकींस जोडलेल्या असाव्यात आणि त्या शक्यतो आपल्याच कंपनीच्या असाव्यात, एवढाच त्यांचा आशय होता. शब्द मात्र चांगला होता. १९३४ च्या दळणवळण कायद्याने शक्य तेथवर देशातील सर्व लोकांना वाजवी दरात सेवा मिळावी असे उद्दिष्ट लिहिले, आणि हळूहळू व्हेल यांच्या शब्दात कायद्याचा अर्थ मुरला. शब्दांचे असेच होते. जन्म देणाऱ्याच्या घरी ते फार दिवस राहत नाहीत.

पुढची पन्नास वर्षे बेल कंपनीची मक्तेदारी चालली. या काळात गावातल्या तारेच्या खर्चाचा एक भाग लांबपल्ल्याच्या संभाषणाच्या दरात घातलेला असे. न्यूयॉर्कहून शिकागोला बोलणारा व्यापारी जास्त पैसे मोजी, आणि त्यातून गावातल्या विधवेचे मासिक भाडे हलके राही. अर्थशास्त्रज्ञ या व्यवस्थेवर नाराज होते. एका दराचा भार दुसऱ्यावर टाकू नये, असे त्यांचे शास्त्र सांगते. सरकारने भरलेल्या खटल्यात १९८२ साली समेट झाला आणि १ जानेवारी १९८४ रोजी बेल कंपनीची शकले झाली. लांबपल्ल्याचा धंदा एकीकडे आणि गावोगावच्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे. लांबपल्ल्यात स्पर्धा आली, दर उतरू लागले. मग गावच्या तारेचा खर्च कोणी द्यावयाचा? संघराज्याच्या दळणवळण आयोगाने उत्तर दिले की, ज्याच्या घरी तार त्याने. १९८५ च्या जूनपासून प्रत्येक घराच्या बिलावर महिना एक डॉलरचा नवा आकार बसला, आणि १९८९ पर्यंत तो साडेतीन डॉलर झाला.

एक डॉलर म्हणजे काय मोठेसे, असे सुखवस्तू माणूस म्हणेल. पण हा आकार सर्वांवर सारखा होता. लांबपल्ल्याला तासन् तास बोलणाऱ्याचे उतरलेल्या दरात त्याहून अधिक वाचत होते. जो कोणाला लांब फोन करीतच नव्हता, त्याच्या पदरी केवळ वाढ आली. गरीब लोक टेलिफोन काढून टाकतील अशी भीती निर्माण झाली, आणि त्या भीतीतून १९८५ साली 'लाइफलाइन' या नावाची सवलत जन्मास आली. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. कॅलिफोर्निया राज्याने त्याआधीच, १९८३ साली, स्वतःचा तसा कायदा केला होता. १९८७ मध्ये 'लिंक-अप' ही दुसरी सवलत आली. नवा टेलिफोन जोडताना जो एकदम खर्च येतो त्याचा निम्मा, तीस डॉलरच्या मर्यादेत, माफ होऊ लागला आणि उरलेला हप्त्याहप्त्याने बिनव्याजी देता येऊ लागला. गरिबाची खरी अडचण पुष्कळदा मासिक खर्चाची नसते, एकरकमी पैशाची असते, हे ज्या कोणी ओळखले त्याला आम्ही शहाणा म्हणू.

येथे एका पाहणीची गोष्ट सांगितली पाहिजे. न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन नावाचे एक अतिशय गरीब शहर आहे. तेथे मिल्टन म्युलर आणि होर्हे शेमेंट या दोन अभ्यासकांनी नव्वदीच्या दशकात प्रत्यक्ष लोकांकडे जाऊन विचारले की, बाबांनो, तुमच्या घरी टेलिफोन का नाही? तोवर सर्व धोरण या समजुतीवर चालले होते की, मासिक भाडे परवडत नाही म्हणून लोक टेलिफोन घेत नाहीत. उत्तर निराळेच निघाले. पुष्कळांच्या घरी टेलिफोन पूर्वी होता, तो तोडला गेला होता. भाड्यापायी नव्हे, तर लांबपल्ल्याच्या बिलापायी. घरी आलेल्या भाच्याने कोठे तरी फोन लावला, दूर गेलेल्या मुलाने घरच्यांच्या खर्चाने बोलणे केले, आणि महिनाअखेर शेकड्याने बिल आले. ते थकले की तार तुटली, आणि पुन्हा जोडायची तर आधी थकबाकी भरा, वर अनामत ठेवा. याच घरांपैकी कित्येकांत केबलचा टेलिव्हिजन मात्र चालू होता. हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, यांना चैन परवडते! पण केबलचे बिल दरमहा ठरलेले असते. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला महाग वस्तूपेक्षा बेभरवशाच्या बिलाची अधिक धास्ती वाटते. आमच्या मते या सबंध विषयातले हे सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे, आणि ते कोणत्याही कचेरीत बसून सुचले नसते. पुढे नियम झाला की, सवलतीच्या गिऱ्हाइकाने मागितल्यास लांबपल्ल्याचे फोन विनामूल्य बंद करून द्यावेत आणि तसे केल्यास अनामत मागू नये. त्याचे मूळ अशाच अनुभवांत आहे.

१९९६ साली नवा दूरसंचार कायदा झाला. कमी उत्पन्नाच्या लोकांनाही परवडणाऱ्या दरात सेवा मिळावी, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले, आणि एक सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला. त्यातून चार कामांस पैसा जातो: दुर्गम भागातील तारा, शाळा व ग्रंथालये, ग्रामीण दवाखाने, आणि आपली ही गरिबांची सवलत. निधीत पैसा येतो तो टेलिफोन कंपन्यांच्या आंतरराज्य आणि परदेशी संभाषणाच्या उत्पन्नावर बसवलेल्या शेकडेवारीतून, आणि कंपन्या तो गिऱ्हाइकाच्या बिलात एक ओळ वाढवून वसूल करतात. २००० च्या सुमारास हे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते छत्तिसाच्या वर गेले. कारण उघड आहे. लोक आता तारेवर बोलत नाहीत, इंटरनेटवर बोलतात, आणि इंटरनेटच्या उत्पन्नावर ही पट्टी नाही. विहिरीतले पाणी आटत चालले आणि मोट मात्र तितकीच ओढावयाची आहे. यात एक अन्याय असा की, सवलतीस पात्र असूनही ज्याने अर्ज केला नाही असा गरीब मनुष्य आपल्या बिलातून दुसऱ्या गरिबाच्या सवलतीचा भार उचलतो. आणि असे लोक थोडे नाहीत. ज्यांचा हक्क आहे त्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ कमी कुटुंबे ही सवलत घेतात.

आदिवासींच्या राखीव प्रदेशांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९० च्या शिरगणतीत तेथील अमेरिकन इंडियन कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक घरांत टेलिफोन नव्हता. २००० साली आयोगाने त्या प्रदेशांसाठी महिना पंचवीस डॉलरपर्यंत जादा सवलत दिली, म्हणजे एका डॉलरात स्थानिक सेवा मिळावी असा बेत होता. पण जेथे खांबच नाही तेथे भाड्यातली सूट घेऊन काय करावयाचे?

यानंतर मोबाइल आला आणि सगळा रंग पालटला. २००५ साली आयोगाने एका कंपनीला मोबाइलवर ही सवलत देण्याची वाट मोकळी केली, आणि २००८ पासून दरमहा थोडी मिनिटे फुकट असलेला मोबाइल गरिबांच्या हाती येऊ लागला. आपल्याकडे २००३ पासून आलेला फोन घेण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून तर 'मिस्ड कॉल' हा आपला राष्ट्रीय शोध जन्मला. अमेरिकेत फोन घेणाऱ्याचीही मिनिटे खर्च होत. फुकट मिनिटांची थैली हाती दिली, पण सरकारी कचेरीला फोन लावून ताटकळत बसले की तेथेच ती रिकामी व्हायची. गरिबाची वेळ कोणीही खर्च करावी, असा जगाचा रिवाज आहे. येथे ती मिनिटे मोजून खर्च होत होती, इतकेच.

तरी योजना झपाट्याने वाढली. २००८ साली तिच्यावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च होत होते, ते २०१२ मध्ये सुमारे २२० कोटी झाले. गरज होतीच, मंदीचे दिवस होते. पण लबाडीही होती. पैसा गरिबाच्या हाती जात नाही, कंपनीकडे जातो, गिऱ्हाइकामागे ठरलेला. कंपन्यांनी रस्त्याच्या कडेला टेबले मांडून दलाल बसवले. दलालाला नावामागे अडत. मग एकेका माणसाच्या नावावर दोन-तीन टेलिफोन निघाले यात आश्चर्य ते काय? याच सुमारास, २०१२ च्या निवडणुकीत, विरोधकांनी या मोबाइलला 'ओबामाफोन' असे कुत्सित नाव ठेवले. योजना रेगन यांच्या काळातली, मोबाइलची वाट मोकळी झाली ती धाकट्या बुश यांच्या काळात, आणि नाव मात्र ओबामांचे! नाव ठेवणाऱ्यांनी शिव्या दिल्या त्या मोबाइल घेणाऱ्या बायाबापड्यांना. टेबल मांडणाऱ्या कंपन्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

मग सुधारणा आली. सवलत सरसकट सव्वानऊ डॉलर झाली, नावांची राष्ट्रीय नोंदवही झाली, 'लिंक-अप' राखीव प्रदेश वगळता बंद पडले, आणि नियम कडक झाला: एका कुटुंबास एकच सवलत. आता कुटुंब कशाला म्हणावे? एका पत्त्यावर तीन भाडेकरू राहतात, अनाथालयात शंभर माणसे एका पत्त्यावर राहतात. आयोगाने व्याख्या केली की, जे उत्पन्न आणि खर्च वाटून घेतात ते एक कुटुंब. आमच्या खेडेगावातल्या तलाठ्याला हे एका शब्दात सांगता आले असते. चूल! चूल वेगळी तर कुटुंब वेगळे. तिकडे मात्र त्यासाठी स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. पात्रता ठरते ती दोन प्रकारे: उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या १३५ टक्क्यांच्या आत असावे, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने एकट्या माणसाला वर्षाला सुमारे २१,१०० डॉलर. किंवा अन्नसाहाय्य, मेडिकेड यांसारख्या एखाद्या योजनेत नाव असावे. दरवर्षी ही पात्रता पुन्हा तपासतात. सरकारी दप्तरातून ती आपोआप सिद्ध झाली नाही तर पत्र येते, आणि साठ दिवसांत उत्तर न दिल्यास सवलत जाते. फुकट मोबाइल तीस दिवस वापरला नाही तर पंधरा दिवसांची सूचना देऊन तोही बंद.

२०१७ मध्ये संसदेच्या हिशेबतपासनिसांनी ३५ लाख गिऱ्हाइकांची कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा शेकडा छत्तीस जणांची पात्रता सिद्ध करता आली नाही. हा आकडा वर्तमानपत्रांतून फार गाजला. सिद्ध करता आली नाही आणि पात्रता नव्हती, या दोहोंत अंतर आहे, पण आम्ही त्या अंतराआड लपू इच्छित नाही. चोरी होत होती, आणि ती थांबविणे योग्यच होते. आमचा आक्षेप निराळा आहे. चोरी केली टेबल मांडणाऱ्याने, आणि फॉर्म वाढले ते रांगेतल्या माणसाचे. ज्या बाईचा पत्ता वर्षात तीनदा बदलतो तिला साठ दिवसांच्या मुदतीचे पत्र पोहोचणार कोठे? कडक तपासणीनंतर योजनेतली माणसे पुष्कळ घटली. त्यात खोटे किती आणि खरे किती, हे घटलेल्या आकड्यावरून कळत नाही. एका गोष्टीबद्दल मात्र शाबासकी दिली पाहिजे. २०२२ च्या एका कायद्याने, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या आणि पैशाच्या अडचणीत असलेल्या स्त्रीला तिचा टेलिफोन त्याच्या खात्यातून वेगळा करून घेता येतो, आणि सहा महिन्यांपर्यंत सवलत मिळते. नवऱ्याच्या नावावरचे बिल म्हणजे ती कोणाकोणाशी बोलली याची त्याच्या हाती जाणारी यादीच होय.

आपल्याकडे या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला गेला. आपलाही सार्वत्रिक सेवेचा निधी आहे. तो १ एप्रिल २००२ पासून सुरू झाला, कंपन्यांच्या उत्पन्नातील शेकडा पाचाच्या पट्टीवर चालला, आणि २०२३ च्या नव्या कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. त्याचा पैसा गावाकडे गेला: खेड्यातला सार्वजनिक टेलिफोन, मनोरे, तारा. घराच्या बिलाकडे तो वळला नाही. आपण ठिकाणाला गरीब मानतो, ते माणसाला गरीब मानतात. आपल्या पद्धतीत कोणाला दारिद्र्याचा दाखला आणावा लागत नाही, हा तिचा गुण. पण शहरातल्या झोपडपट्टीवर मनोऱ्याची सावली पडते म्हणून तिथल्या मोलकरणीचे रिचार्ज भरले जात नाही, हेही खरे. रिचार्ज संपले की आता काही दिवसांनी येणारा फोनही बंद होतो, हे या सभागृहातल्या कित्येक गृहिणींना ठाऊक असेल, कारण 'बाई, फोन का लागत नव्हता?' हा प्रश्न त्या विचारतात.

अमेरिकेत पुढे इंटरनेट आले. २०१६ मध्ये सव्वानऊ डॉलरची सवलत इंटरनेटलाही लागू झाली, पण तेवढ्यात इंटरनेट येत नाही. महामारीत शाळा घरी आल्यावर संसदेने थेट तिजोरीतून पैसा काढला. आधी ३२० कोटी डॉलर, मग २०२१ च्या अखेरच्या कायद्याने १,४२० कोटी, आणि दर कुटुंबास महिना तीस डॉलर. दोन कोटी तीस लाखांहून अधिक कुटुंबे त्यात आली. जुन्या लाइफलाइनला इतकी माणसे कधी लाभली नव्हती. मग पैसा संपला. संसदेने नवा दिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे अर्ज बंद झाले आणि १ जून २०२४ रोजी योजनाच बंद झाली. तिजोरीतून येणारे औदार्य मोठे असते आणि लवकर आटते. बिलातल्या एका ओळीवर जगणारी लाइफलाइन कुचंबत का होईना, टिकून राहिली.

तिच्यावरही घाला आला होता. संसदेने ठरविलेली नसलेली ही पट्टी म्हणजे बेकायदा कर आहे असा दावा होऊन २०२४ च्या जुलैत एका अपील न्यायालयाने तो मान्य केला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरविला, आणि निधी वाचला. पट्टी कशावर बसवावी हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता, म्हणून तो जसाच्या तसा राहिला.

राहता राहिला नुसत्या बोलण्याचा टेलिफोन. २०१६ च्या सुधारणेत असे ठरले होते की, सगळे इंटरनेटकडे गेल्यावर केवळ संभाषणाच्या सेवेची सवलत हळूहळू कमी करीत शून्यावर आणावी. सव्वानऊची सव्वासात झाली, सव्वासातची सव्वापाच झाली. १ डिसेंबर २०२१ रोजी ती शून्य व्हावयाची होती. पण ज्यांना बोलण्यापलीकडे काही नको, अशी पुष्कळ म्हातारी माणसे अजून त्या सवलतीवर आहेत, असे आयोगाच्या ध्यानात आले. तेव्हापासून ती तारीख वर्षावर्षाने पुढे ढकलली जात आली आहे.